वही भरण्याआधी: सामाजिक प्रकल्पात मूल्यमापनातून शिकायचं कसं

संस्थेत नव्याने आलेल्या कार्यकर्त्याची आणि 'मूल्यमापन' या शब्दाची पहिली भेट बहुतेक वेळा मार्चमध्ये होते. आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, देणगीदाराकडून फॉरमॅट आलेला असतो आणि कार्यालयातून निरोप येतो: लाभार्थ्यांचा आकडा द्या, दोन केस स्टोऱ्या द्या, फोटो द्या. मग वर्षभराची रजिस्टरं काढून रात्री जागून रकाने भरले जातात. अहवाल जातो, पुढचा हप्ता येतो. पण त्या आकड्यांमुळे जूनमध्ये आपल्या कामात नेमकं काय बदललं, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

पाड्यांवरच्या संध्याकाळच्या वाचन वर्गांच्या कामात मी बरीच वर्षं घालवली. सुरुवातीला आम्ही प्रत्येक मुलाची सतरा रकान्यांची माहिती भरायचो. वडिलांचा व्यवसाय, घर कच्चं की पक्कं, भावंडं किती, गुरं किती. वर्ग घेणाऱ्या ताईंचा महिन्यातला दीड दिवस त्यात जायचा. दोन वर्षांनी लक्षात आलं की त्यातले चौदा रकाने कोणीही कधी उघडून पाहिलेले नाहीत. त्या दीड दिवसात ताईंनी मुलांना किती गोष्टी वाचून दाखवल्या असत्या, हा विचार मला अजून टोचतो. म्हणून हा लेख. उदाहरणं जास्त करून वाचन वर्गांची आहेत कारण ते काम मी जवळून पाहिलं आहे. पण बचत गट, पाणलोट, आरोग्य यातलं काम असेल तरी पायऱ्या याच.

पहिली पायरी: पुढचा निर्णय कोणता आहे ते लिहा

वही, सर्व्हे, गुगल फॉर्म यापैकी काहीही उघडू नका. आधी टीमला घेऊन बसा आणि एकच विचारा: येत्या सहा महिन्यांत आपल्याला कोणते निर्णय घ्यायचे आहेत? वर्गाची वेळ बदलायची का? नव्या पाड्यावर वर्ग सुरू करायचा की आहेत तेच पक्के करायचे? ताईंचं प्रशिक्षण एकदाच पाच दिवसांचं ठेवायचं की महिन्याला एक दिवस? तीन निर्णय निघाले तरी पुष्कळ झाले.

आता प्रत्येक निर्णयासाठी काय कळायला हवं ते प्रश्न म्हणून लिहा. "आपला कार्यक्रम प्रभावी आहे का?" हा प्रश्न कागदावर भारदस्त दिसतो, पण तो कुठून धरायचा हेच कळत नाही. "दिवाळीनंतर हजेरी घटते ती कोणत्या मुलांची?" हा प्रश्न हातात धरता येतो. त्याच्या उत्तरासाठी कोणतं रजिस्टर काढायचं, कोणाशी बोलायचं हे लगेच सुचतं.

मग एक कसोटी लावा. उत्तर 'हो' आलं तर आपण काय करू आणि 'नाही' आलं तर काय करू? दोन्ही वेळा तेच करणार असू, तर तो प्रश्न खोडून टाका. माहिती गोळा करायला ताईंचे तास जातात, आणि मजुरी बुडवून आपल्यासमोर बसणाऱ्या आईचेही जातात. ज्याचा उपयोग होणार नाही ते विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं मी मानते.

दुसरी पायरी: साखळी काढा आणि कच्ची कडी शोधा

एका मोठ्या कागदावर डावीकडे आपण काय करतो ते लिहा, उजवीकडे शेवटी काय व्हावं असं वाटतं ते लिहा, आणि मधल्या सगळ्या कड्या जोडा. आपण ताईला प्रशिक्षण देतो. ताई रोज दोन तास वर्ग घेते. मूल वर्गात येतं. मूल स्वतः पुस्तक हाताळतं. मूल वाचू लागतं. शाळेत टिकतं. प्रत्येक दोन कड्यांमध्ये बाण असतो, आणि प्रत्येक बाण म्हणजे आपण धरून चाललेली एक गोष्ट. ती खरी आहे की नाही हे अनेकदा कोणीच पाहिलेलं नसतं.

यावर एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. 'प्रथम' ही मुंबईत १९९० च्या दशकात सुरू झालेली संस्था. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास त्यांनी संशोधकांच्या मदतीने तीन प्रकारचं काम करून पाहिलं. काही गावांत सभा घेऊन ग्राम शिक्षण समितीबद्दल आणि शाळेबाबतच्या हक्कांबद्दल माहिती दिली. काही गावांत त्याच्या जोडीला गावकऱ्यांनाच आपल्या मुलांच्या वाचनाची चाचणी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या गटात या दोन्हींसोबत गावातल्याच तरुणांना वाचन शिबिरं घेण्याचं प्रशिक्षण दिलं. चौथ्या गटातल्या गावांत काहीच केलं नाही, म्हणजे तुलना करता येईल.

पहिल्या दोन प्रकारांमागचा विचार आपल्या सगळ्यांना पटेल असाच होता: मुलं वाचू शकत नाहीत हे आईवडिलांना कळलं की ते शाळेला जाब विचारतील आणि शाळा सुधारेल. ती कडीच निसटली. सभांना लोक आले, चर्चा झाली, पण शाळेत काही हललं नाही आणि मुलांच्या वाचनातही फरक पडला नाही. वाचन शिबिरांत गेलेल्या मुलांना मात्र स्पष्ट फायदा झाला. पण तिथे दुसरी कडी कच्ची निघाली. गावातल्या मुलांपैकी साधारण ८ टक्केच मुलं शिबिराला गेली.

त्यांनी ही माहिती दडवली नाही, आणि "आमचा कार्यक्रम फसला" म्हणून कामही सोडलं नाही. पद्धत चालते पण मुलं स्वयंसेवकाकडे पुरेशी येत नाहीत, मग जिथे मुलं आहेत तिथे म्हणजे शाळेत जायला हवं, असा त्याचा अर्थ लावला. पुढे बिहारमध्ये सरकारी शिक्षकांबरोबर काम केलं. उन्हाळी शिबिरात त्याच शिक्षकांनी चांगलं शिकवलं, पण शाळा सुरू झाल्यावर नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन काही बदललं नाही. शिक्षक पुन्हा पाठ्यपुस्तक संपवायच्या मागे लागले. तेव्हा हरियाणात वेळापत्रकातच त्यासाठी वेगळा तास ठेवला, मुलांचे इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट केले आणि शाळेला नियमित भेट देणारं माणूस नेमलं. तिथे भाषेत फरक दिसला. जौनपूरपासून हरियाणापर्यंत दर वेळी एक कच्ची कडी सापडली आणि ती पुढच्या वेळी बदलली. मूल्यमापनातून शिकणं म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी हीच हकिगत सांगते.

तुमच्या कागदावर सगळ्यात कच्ची कडी कोणती वाटते तिथे लाल खूण करा. सगळ्या कड्या तपासायला वेळ मिळणार नाही. लाल खुणेपासून सुरुवात करा.

तिसरी पायरी: थोडं मोजा, पण नीट मोजा

चांगलं मोजमाप म्हणजे जे ताईला, आईला आणि गटशिक्षणाधिकाऱ्याला सारखंच समजतं. ग्रामीण मुलांना कितपत वाचता येतं हे पाहणाऱ्या, २००५ पासून होणाऱ्या 'असर' पाहणीची वाचन चाचणी याच गुणामुळे देशभर पोहोचली. एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत पोहोचतं ती त्याची पातळी. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. निकाल सांगायला टक्केवारी लागत नाही. "तुमची मुलगी शब्द वाचते, अजून परिच्छेद वाचत नाही" एवढं वाक्य पुरतं, आणि ते ऐकून पुढे काय करायचं हेही कळतं.

ही चाचणी घरी जाऊन घेतात, शाळेत घेत नाहीत. शाळेत घेतली तर त्या दिवशी गैरहजर असलेली आणि शाळा सोडून दिलेली मुलं निसटतील, आणि आपल्याला नेमकी त्यांचीच काळजी असते. घरं निवडायची रीतही उचलण्यासारखी आहे: गावाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागातून ठरावीक अंतराने पाच घरं घ्यायची. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण शीत सगळं एकाच कडेचं असलं तर करपलेला तळ कळत नाही. कार्यकर्ता मोकळा सोडला की तो डांबरी रस्त्याजवळच्या, ओळखीच्या, चहा देणाऱ्या घरांत जातो. यात त्याचा दोष नाही, तो माणसाचा स्वभाव आहे. म्हणून रीत आधी ठरवायची.

मोजायच्या आधी एक सराव जरूर करा. दोन कार्यकर्त्यांनी एकाच मुलाची चाचणी पाहायची, एकमेकांना न दाखवता पातळी लिहायची आणि मग ताडून पाहायची. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा दहातल्या चार मुलांबाबत मतभेद निघाले. एक ताई अडखळत वाचलेलं 'वाचलं' धरत होती, दुसरी धरत नव्हती. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या; आम्ही नियमच ठरवला नव्हता. अर्धा दिवस बसून नियम लिहिला आणि मग कामाला लागलो. ताईने स्वतःच्या वर्गाची चाचणी स्वतः घेऊ नये हेही पाळा. ती खोटं लिहील म्हणून नाही. मुलाला ती माया करते, आणि "अरे, तुला येतंय की हे" असं म्हणत पहिलं अक्षर तीच सुचवते.

चौथी पायरी: आधीची नोंद, ऋतू आणि गळालेली माणसं

इथे जरा थांबते, कारण चांगल्या मनाने केलेल्या बहुतेक चुका इथेच होतात.

काम सुरू होण्यापूर्वीची नोंद, जिला संस्थांमध्ये सगळे बेसलाइन म्हणतात, ती काम सुरू होण्यापूर्वीच घ्यायची. सांगायची गरज वाटू नये इतकं हे साधं आहे, पण प्रत्यक्षात निधी उशिरा येतो, वर्ग आधीच चालू होतात आणि दोन महिन्यांनी 'सुरुवातीची' चाचणी होते. तसं झालं असेल तर अहवालात तारीख स्पष्ट लिहा. मागाहून आठवणीने आकडे भरू नका.

दुसरी गोष्ट ऋतूची. बालकांचं वजन जुलै-ऑगस्टमध्ये घेतलं आणि पुन्हा जानेवारीत घेतलं तर आपण काही केलं नाही तरी फरक दिसेल. आदिवासी भागात पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आई दिवसभर शेतावर असते, जुलाब-ताप जास्त असतो. भात घरात आल्यावर परिस्थिती सुधारते. पावसाळ्यात सुरू केलेला कोणताही पोषण कार्यक्रम हिवाळ्यात यशस्वी दिसतो. म्हणून या वर्षीचा ऑगस्ट मागच्या ऑगस्टशी ताडा. बचत गटांच्या कर्जफेडीला, विहिरीच्या पातळीला, शाळेच्या हजेरीला, सगळ्यालाच हे लागू आहे.

तिसरी गोष्ट गळतीची. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातली कुटुंबं ऊसतोडीला जातात, पालघरची वीटभट्ट्यांवर जातात. मुलंही बरोबर जातात. आता हा हिशेब पाहा. समजा जुलैत तुमच्या वर्गात ४० मुलं होती. जानेवारीत २८ उरली. त्यांपैकी २१ परिच्छेद वाचतात. अहवालात लिहिलं जातं: ७५ टक्के मुलं वाचू लागली. पण ४० मुलांपैकी २१ म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. शिवाय त्या २१ पैकी ८ मुलं जुलैतच परिच्छेद वाचत होती. म्हणजे ज्या ३२ मुलांना तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यांतली १३ आता वाचतात. आणि गेलेल्या १२ मुलांची जुलैची पातळी काढली तर त्यांतली बहुतेक अक्षरावर अडकलेली असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग काढला तीच मुलं हिशेबातून गेली.

३२ पैकी १३ हा आकडा लाज वाटण्यासारखा मुळीच नाही. तो खरा आहे, आणि त्यातून काम सुचतं: स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी दसऱ्याआधीचे तीन महिने जास्त जोर लावायचा का, भट्टीवर वर्ग नेता येईल का, आजीजवळ मूल ठेवणाऱ्या घरांना काय मदत लागेल. ७५ टक्क्यांतून यातलं काहीच सुचलं नसतं. म्हणून नियम करा. सुरुवातीच्या यादीतलं एकही नाव खोडायचं नाही. गेलेल्या मुलापुढे 'कुठे गेलं, केव्हा गेलं, का गेलं' हे लिहायचं. आणि आकडे छोटे असतील तर टक्के न लिहिता मुलं मोजायची.

पाचवी पायरी: आपण नसतो तर काय झालं असतं?

मूल सात वर्षांचं आठ वर्षांचं होतं, शाळेत जातं, थोडं वाचायला शिकतंच. त्यात आपला वाटा किती? हे कळायला तुलना लागते.

मुंबई आणि वडोदऱ्यात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'प्रथम'च्याच 'बालसखी' उपक्रमाचा अभ्यास झाला. वस्तीतलीच एक तरुण मुलगी, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेत रोज दोन तास वेगळं शिकवायची. काही शाळांना ती एका इयत्तेसाठी दिली, काहींना दुसऱ्या इयत्तेसाठी, आणि कोणाला कोणती हे चिठ्ठीसारखं योगायोगावर सोडलं. एकही शाळा रिकामी राहिली नाही, तरी इकडची तिसरी तिकडच्या तिसरीशी ताडता आली. बालसखीकडे गेलेली मुलं पुढे सरकली. वर्गात मागे राहिलेल्या मुलांना मात्र, वर्ग लहान झाला तरी, विशेष फायदा दिसला नाही. म्हणजे गुण वर्ग लहान होण्याचा नव्हता. मुलाला त्याच्या पातळीवरून शिकवण्याचा होता. ही एक गोष्ट कळल्यामुळे पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरली.

गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत ते काम केलं आणि ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. गावातल्या बाईला शिकवलं तर ती हे काम करू शकते, हे तुलनेमुळे वादापलीकडे गेलं. २०११ पासून देशभरातल्या आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेट देतात, त्यामागे हे काम आहे.

तुमच्याकडे संशोधक नसतील, पैसेही नसतील. तरी एक सोपी वाट आहे. बारा पाड्यांवर काम करायचं आहे आणि यंदा सहाच जमणार आहेत, तर कोणते सहा हे ग्रामसभेसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. उरलेल्या सहांना पुढच्या वर्षी घेऊ असा शब्द द्या आणि तो पाळा. दोन्हीकडे सुरुवातीला एकदा आणि वर्षअखेरीस एकदा मोजा. तेही जमत नसेल तर तुलना न करता नुसता बदल सांगा आणि "हा सगळा बदल आमच्यामुळेच झाला असं आम्ही म्हणत नाही" हे वाक्य लिहा. त्या वाक्याने संस्थेची पत वाढते.

सहावी पायरी: ऐकायला बसा

आकड्यांनी हजेरी घटली हे कळतं. का घटली हे माणसं सांगतात.

पण "वर्ग कसा वाटतो?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "चांगला हाय, ताई." पाहुण्याला वाईट सांगायचं नाही ही आपली रीत आहे. प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा. मागच्या आठवड्यात किती दिवस गेली? नाही गेली त्या दिवशी काय होतं? कोण यायचं बंद झालं? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण तो दुसऱ्याबद्दल असतो आणि लोक मोकळेपणाने बोलतात. एका पाड्यावर पाच मुली येईनाशा झाल्या होत्या. आम्ही अभ्यासक्रमात दोष शोधत होतो. एका आजीने सांगितलं की वर्ग सुटतो तेव्हा अंधार पडलेला असतो आणि वाटेत ओढ्याजवळ दारू प्यायला माणसं बसतात. वर्ग पाऊण तास अलीकडे घेतला, मुली परत आल्या. सतरा रकान्यांत ओढा कुठेच नव्हता.

गटचर्चेत सरपंच, पोलीस पाटील बसले असतील तर बायका बोलणार नाहीत. त्यांच्याबरोबर वेगळं बसा, त्यांच्या सोयीच्या वेळी, पाणी भरून आणि स्वयंपाक उरकून झाल्यावर. तुमच्या संस्थेची वर्ग घेणारी ताई तिथे नसलेली बरी. आणि जे ऐकायचं नव्हतं तेच आधी लिहून घ्या. गडचिरोलीत आदिवासींनी 'सर्च'च्या डॉक्टरांना सांगितलं होतं की मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची आम्हाला भीती वाटते. शोधग्राम या 'सर्च'च्या वसाहतीतलं रुग्णालय मग त्यांच्या घरांसारख्या झोपड्यांचं झालं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. विचारलं, ऐकलं आणि त्याप्रमाणे बांधलं.

संमतीबद्दल दोनच गोष्टी. कशासाठी विचारतो आहोत आणि "नाही" म्हटलं तरी वर्ग किंवा मदत बंद होणार नाही, हे आधी सांगा. मुलांचे फोटो आणि नावं पालकांना विचारल्याशिवाय कुठेही वापरू नका.

सातवी पायरी: आढावा बैठक

इथपर्यंतची सगळी पूर्वतयारी. खरं शिकणं इथे होतं किंवा होत नाही.

महिन्यातून एकदा, दोन तास, ठरलेल्या वारी. समन्वयकाने प्रोजेक्टरवर सगळ्यांचे आकडे दाखवायचे आणि मागे पडलेल्या ताईने मान खाली घालायची, ही बैठक मी पुष्कळदा पाहिली आहे. तिथून पुढच्या महिन्यात आकडे सुधारतात आणि मुलं होती तिथेच राहतात. मानधन, बढती, शाबासकी हे सगळं आकड्याशी बांधलं की आकडा बिघडतो. आकडे शिकण्यासाठी असतील तर ते पगाराच्या चर्चेपासून लांब ठेवा, आणि हे सगळ्यांसमोर स्पष्ट बोलून दाखवा.

त्याऐवजी असं करा. पहिला अर्धा तास प्रत्येक ताईने फक्त आपल्या वर्गाचा कागद पाहायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या: काय अपेक्षेप्रमाणे झालं, काय झालं नाही, कोणत्या दोन मुलांची काळजी वाटते. मग जोडीने एकमेकींना सांगायचं. मग सगळ्यांत मिळून एकच मुद्दा निवडायचा आणि त्याच्या मुळाशी जायचं. वरिष्ठांनी शेवटी बोलायचं. संस्थेचे प्रमुख पहिल्यांदा आपली चूक सांगतील त्या दिवसापासून बाकीचे सांगू लागतात. हे मी एकदा नाही, अनेकदा अनुभवलं आहे.

बैठक संपण्यापूर्वी एका वेगळ्या वहीत लिहा: आज काय दिसलं, त्यावरून काय बदलायचं ठरलं, कोण करणार, आणि ते लागू पडलं की नाही हे कोणत्या तारखेला पाहायचं. आम्ही तिला निर्णयवही म्हणतो. पुढची बैठक ती वही वाचून सुरू होते. मोठमोठे अहवाल मी विसरले, पण त्या वहीतल्या नोंदी आठवतात. वर्ग पाऊण तास अलीकडे घेण्याची नोंद तिच्यातच आहे.

आठवी पायरी: ज्यांची माहिती आहे त्यांच्यापर्यंत ती परत न्या

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला बरेच जण सहलीसारखे जाऊन येतात, झाडं आणि बंधारे पाहतात. मला तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती आहे हे मोजतात आणि ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात, मग उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. पाऊस कमी झाला तर पिकं बदलतात. मोजणारेही तेच, ठरवणारेही तेच आणि परिणाम भोगणारेही तेच. आकडा गावाबाहेर जाऊन अहवाल होत नाही. तो थेट पेरणीवर उतरतो.

आपल्याला इतकं जमणार नसेल तरी पाड्यावर एक संध्याकाळ काढता येते. जमिनीवर खडूने पाच चौकोन आखा: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जितकी मुलं त्या पातळीवर तितके खडे ठेवा. मुलांची नावं घेऊ नका. प्रत्येक आईला तिच्या मुलाबद्दल वेगळं सांगा. मग मागच्या वेळचे खडे शेजारी मांडा. निरक्षर आजीलाही ते चित्र कळतं आणि ती प्रश्न विचारते. त्या प्रश्नांतून पुढच्या सहा महिन्यांचं काम निघतं.

देणगीदाराला काय सांगायचं

नव्या संस्थांना भीती वाटते की खरं लिहिलं तर निधी बंद होईल. काही ठिकाणी तसं होतंही, ते मी नाकारत नाही. पण "ठरवलेल्या बारापैकी आठ वर्ग चालले, चार का बंद पडले ते आम्ही असं शोधलं, आणि आता हे बदलतो आहोत" असं लिहिलेला अहवाल वाचून अनेक देणगीदार पहिल्यांदाच फोन करून नीट बोलतात. फक्त बंद पडलेल्या चारांची गोष्ट वर्षअखेरीस एकदम पुढे करू नका. कळेल त्या महिन्यात सांगा.

प्रस्तावातच मूल्यमापनासाठी वेगळी रक्कम मागा: चाचणीचे दिवस, प्रवास, आढावा बैठकीचं जेवण. नंतर मागितली तर मिळत नाही. कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे त्यांना कायद्याने सामाजिक कामावर करावा लागणाऱ्या खर्चाबद्दल, एक नियम माहीत असू द्या. २०२१ पासून, ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधनकारक खर्चाचं प्रमाण आधीच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यांकन प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. ते मूल्यांकन त्यांच्या कामाचं आहे. ते येईपर्यंत तुमच्या वर्गातलं मूल दोन इयत्ता पुढे गेलेलं असेल, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. पण त्यांची माणसं आली की आपली मूळ यादी, गेलेल्यांच्या नोंदी आणि निर्णयवही त्यांच्यापुढे ठेवा. ज्या संस्थेकडे या तीन गोष्टी आहेत तिचं काम समजून घ्यायला त्यांना वेळ लागत नाही.

उद्या सकाळी सुरुवात करायची असेल तर

मोबाईल, अ‍ॅप, सॉफ्टवेअर यांची घाई नको. मोबाईलवर माहिती भरायची कोबोटूलबॉक्ससारखी साधनं उपयोगी आहेत, रेंज नसतानाही चालतात, पण प्रश्न चुकीचा असेल तर तेही चुकीचंच भरून देतात. पहिले सहा महिने शंभर पानी वही पुरते.

पहिल्या आठवड्यात तीन निर्णय आणि त्यांचे प्रश्न लिहा, साखळी काढून लाल खूण करा. दुसऱ्या आठवड्यात मोजायची एकच गोष्ट ठरवा आणि दोघांनी मिळून दहा मुलांवर, दहा गटांवर किंवा दहा विहिरींवर तिचा सराव करा. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांची सुरुवातीची नोंद घ्या, तारीख आणि कोणी घेतली ते लिहा. चौथ्या आठवड्यात जी माणसं येईनाशी झाली आहेत त्यांच्यापैकी पाच घरी जाऊन बसा, चहा झाला की मगच वही काढा. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आढावा बैठक ठेवा. निर्णयवहीचं पहिलं पान त्या दिवशी भरलं गेलं पाहिजे, एकच ओळ असली तरी चालेल.